‘धनलक्ष्मी सिद्ध केक’ करायच्या आधी हे वाचा

सांगलीतल्या बायकांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड लै जोरात फिरतोय, ‘धनलक्ष्मी सिद्ध केक’. ज्यांच्यापर्यंत पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शुक्रवारी अर्धा किलोचा मैद्याचा बिनअंड्याचा केक करायचा. त्यात सात चमचे दालचिनी पूड (पैसा ओढते), एक अख्खं जायफळ किसून (नशीब उघडतं आणि पोरं शांत झोपतात), पाच चमचे हळद (केक आतून लाल निघाला तर घरावरची नजर उतरली), २१ लवंगा, देवघरातल्या कापराचा तुकडा (निगेटिव्ह एनर्जी जाते), तमालपत्रावर पेनानं इच्छा लिहून ते पान भांड्याच्या तळाला, वर सजावटीला पिवळी फुलं, आणि मिश्रण उजवीकडून १०८ वेळा ढवळायचं. असे ११ शुक्रवार. ‘जितकं जास्त घालाल तितकं जास्त फळ.’ खाली लिहिलंय की ही पाच हजार वर्षांपूर्वीची वैदिक कृती आहे, सांगलीच्या हळदीला सरकारनं जीआय (त्या-त्या भागाच्या खास मालाला मिळणारं मानांकन) दिला तो तिच्यातल्या शक्तीमुळं, आणि सिद्ध केलेला तयार मसाला पाहिजे असेल तर मेसेज करा, ११०० रुपये.

मी घरून केक करून विकते, आणि आता लोक मला फोन करून हाच केक मागायला लागलेत, एक काकू तर म्हणाल्या जायफळ अख्खंच घाल गं, कंजूषपणा करू नको. म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकीला वेगळं सांगायला नको.

सुरुवात हळदीपासून, कारण गाव आपलं हळदीचं आणि इथंच लोक जास्त फसतायत. ‘केक लाल झाला, बघा नजर उतरली’ असे फोटो टाकतायत लोक. अहो, लाल होणारच की तो! बिनअंड्याच्या केकात खाण्याचा सोडा असतो, सोडा अल्कली (आंबटाच्या उलट गुणाचा) आणि हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग, अल्कलीत गेलं की पिवळ्याचं तांबडं होतं. ढोकळ्यात सोडा नीट मिसळला नाही की लाल ठिपके येतात ते काय, ढोकळ्याला नजर लागलेली असते का? पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडला आणि त्यावर साबण घासला की तो लालभडक होतो, हे तर प्रत्येक घरात बघितलेलं असतं. कुंकू सुद्धा जुन्या पद्धतीनं हळदीला चुना, टाकणखार असलं काहीतरी लावूनच करायचे, म्हणजे आपल्या आज्ज्यांना हे पक्कं ठाऊक होतं, फक्त त्याला कुणी नजर म्हणत नव्हतं. खात्री करायची असेल तर वाटीभर पाण्यात चिमूटभर हळद घाला, त्यात सोडा टाका, लाल होईल. मग त्यात लिंबू पिळा, परत पिवळं. आता नजर उतरली म्हणायची का परत चढली म्हणायची ते तुम्हीच ठरवा, आणि लिंबानं चढली म्हणावं तर आणखीनच पंचाईत.

यात वाईट भाग असा की ज्या बाईनं सोडा कमी घातला किंवा दही जरा जास्त आंबट घातलं तिचा केक पिवळाच निघतो आणि ती बिचारी घरात काहीतरी आहे म्हणून घाबरून बसते, आणि मग ११०० रुपयांचं पाकीट मागवते. आणि पाच चमचे हळद घातलेला केक कुणी गिळू शकत असेल तर मला नक्की सांगा.

जीआयचं म्हणाल तर सांगलीच्या हळदीला तो २०१८ मध्ये मिळाला, आणि जीआय मिळतो तो या भागाची माती, हवा, पीक तयार करायची इथली पद्धत आणि त्यातून आलेला दर्जा-नाव यासाठी. शक्ती मोजायचं यंत्र कुठल्याच सरकारी ऑफिसात नाही. हळदीला स्वतःचं रक्षण करता येत असतं तर २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत) पाणी शिरलं तेव्हा आतला माल वाचला असता. ज्यांचा माल गेला त्यांना विचारा.

आता दालचिनी. सात चमचे म्हणजे १७-१८ ग्रॅम होते. आपल्या किराणा दुकानात मिळते ती बहुतेक वेळा जाड सालीची, कॅसिया जातीची. खरी सिलोन दालचिनी कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची असते, बोटांत चुरगळते, आणि महाग असते. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य असतं, किलोमागं साधारण ३ ग्रॅम धरतात, आणि जास्त झालं तर ते लिव्हरला त्रास देऊ शकतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं रोजची मर्यादा सांगितलीय, शरीराच्या दर किलो वजनामागं ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे १५ किलोच्या पोराला दिवसाला दीड मिलिग्रॅम. या केकात हिशोब केला तर ५० मिलिग्रॅमच्या वर जातं, दहा तुकडे केले तर एका तुकड्यात पाच. युरोपात रोजच्या केक-बिस्किटांना किलोमागं १५ मिलिग्रॅम आणि सणासुदीच्या दालचिनीवाल्या पदार्थांना ५० अशी कायद्यानं मर्यादा आहे, हा आपला सिद्ध केक किलोमागं १०० ला जातोय! आता एक तुकडा खाल्ला म्हणून कुणाचं लिव्हर लगेच बिघडत नाही, ती मर्यादा रोज-रोज खाण्यासाठी आहे, उगाच घाबरवायचं नाही मला, पण इथं ११ शुक्रवार करा आणि उरलेला केक पोरांच्या डब्यात द्या असं सांगितलंय, म्हणून बोलावं लागतं.

आणि एक गंमत. याच फॉरवर्डची पावाची आवृत्ती पण आहे, त्यात ‘दालचिनीनं पाव जसा फुगतो तशी तिजोरी फुगते’ असं वाक्य आहे. दालचिनीचा अर्क यीस्टला मानवत नाही, कणकेत भरपूर मिसळली तर पाव फुगायचा मंदावतो. म्हणून तर सिनॅमन रोल करणारे ती कणकेत न मिसळता लोण्यासाखरेबरोबर आत पसरून गुंडाळतात. तिजोरीचं काय होईल ते मग बघा बाई.

जायफळ आणि कापूर, हे दोन मुद्दे कृपा करून वरवर वाचू नका.

जायफळ आपण पुरणात घालतो, श्रीखंडात घालतो, बाळाला सहाणेवर एक-दोन वळसे उगाळून देणाऱ्या आज्ज्या अजून आहेत. एक-दोन वळसे. अख्खं जायफळ साधारण ५ ते ७ ग्रॅमचं असतं, आणि जायफळाची विषबाधा मोठ्या माणसातही ५ ग्रॅमच्या आसपासपासून नोंदलेली आहे, मळमळ, छाती धडधडणं, तोंड कोरडं पडणं, भ्रम होणं, आणि हे खाल्ल्यावर काही तासांनी सुरू होतं त्यामुळं केकाचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. अख्ख्या केकात ते विभागलं जातं हे खरं, पण एखादा पोरगा अर्धा केक एकटा संपवतो (आमच्याकडं आहे असला एक) तेव्हा काय? ‘पोरं शांत झोपतात’ म्हणे. ती झोप नाही, गुंगी असेल.

कापूर तर सरळ नाहीच. पूजेचा कापूर खायचा नसतो, आजकालचा बराचसा टर्पेंटाइनपासून केलेला असतो. यावर ग्रुपवर लगेच उत्तर येतं की भीमसेनी (नैसर्गिक म्हणून विकतात तो कापूर) घाला, आणि देवस्थानच्या लाडवात असतोच की कापूर. असतो, खाण्याचा वेगळा मिळतो तो, आणि शेकडो लाडवांत अगदी नावाला. कापूर पोटात गेला की मेंदूवर फार पटकन परिणाम होतो, लहान पोरांना झटके येतात, एक-दीड वर्षाच्या बाळाच्या जिवावर ग्रॅमभर कापरानंही बेतू शकतं. तुकडा केकात नीट विरघळेल असंही नाही, ज्याच्या वाट्याला तो घास येईल त्याचं नशीब उघडलं म्हणायचं का मग? चुकून कुणी पोरानं खाल्लाच तर मीठपाणी देऊन उलटी करवत बसू नका, झटका येताना उलटी श्वासात जाते, सरळ उचलून दवाखान्यात न्या आणि काय खाल्लंय ते डॉक्टरांना सांगा.

पिवळ्या फुलांचंही तसंच. फॉरवर्डमध्ये कुठली फुलं ते लिहिलेलंच नाही, आणि आपल्याकडं देवळाच्या आवारात, बंगल्यांच्या कंपाउंडला सगळ्यात हाताशी असलेलं पिवळं फूल म्हणजे बिट्टी, पिवळी कण्हेर. तिचं पान, फूल, बी सगळं विषारी आहे, हृदयाचे ठोके बिघडवणारं, आणि शिजवून-भाजून ते विष जात नाही. महादेवाला वाहतात म्हणून खायचं नसतं. फुलवाल्याकडचा झेंडू आणाल तर त्यावर फवारणी झालेली असते. पिवळंच हवं असेल तर आंब्याची फोड लावा.

लवंगांबद्दल फार बोलत नाही, २१ लवंगांचा केक खाल्ला की जीभ बधिर होते, दाताच्या डॉक्टरकडं जाऊन आल्यासारखं वाटतं, एवढंच. तमालपत्राचंही पटकन सांगते. बॉलपेनची शाई खायची वस्तू नाही, इच्छा वहीत लिहा. आणि पानावर इच्छा लिहायची जी पद्धत आहे ती मुळात युरोपातल्या लॉरेलच्या पानाची, ज्याचे मुकुट ग्रीक लोक विजेत्याला घालायचे ते. आपलं तमालपत्र वेगळ्याच झाडाचं, दालचिनीच्या सख्ख्या नात्यातलं, देठापासून टोकापर्यंत तीन शिरा उभ्या जाणारं. जादू जरी खरी मानली तरी पान चुकलंय.

यावरूनच कळतं की ‘पाच हजार वर्षं जुनी वैदिक’ हे कुठून आलंय. दालचिनी पैशासाठी, लॉरेल इच्छेसाठी, ही यादी पाश्चात्त्य जादूटोण्याच्या रेसिप्यांमधली आहे. वनस्पतींना ग्रह वाटून द्यायची पद्धत तिकडं जुनी आहे, १७ व्या शतकात लंडनला कल्पेपर नावाचा वैद्य होता त्यानं लॉरेल सूर्याच्या आणि सिंह राशीच्या नावावर केलं होतं. कुणीतरी ती यादी उचलली, सूर्य काढून लक्ष्मी घातली आणि शुक्रवार जोडला. बेकिंग पावडरच १८४३ सालची आहे हो! इंग्लंडात आल्फ्रेड बर्डच्या बायकोला यीस्ट सोसायचं नाही म्हणून त्यानं ती तयार केली. बायकोसाठी केली हे मला आवडतं, पण वैदिक नाही ते.

मग राहिलं १०८ वेळा उजवीकडून ढवळणं, आणि केक करणारीला सगळ्यात जास्त राग याचा येतो. ओलं आणि सुकं एकत्र आलं की सोडा-पावडरचा गॅस लगेच सुटायला लागतो, मैद्यातलं ग्लुटेन (त्याला चिवटपणा देणारं प्रथिन) ढवळेल तसं ताणत जातं. त्यामुळं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं असतं. १०८ वेळा घोटलं की गॅस निम्मा बाहेर आणि केक रबरासारखा. आणि ‘माझा केक बसला, माझ्या श्रद्धेत कमी पडलं’ असं लिहिणाऱ्या ताई, श्रद्धेत काही कमी नव्हतं हो, ढवळणं जास्त झालं. उजव्या-डाव्याचं तर हँड बीटर काढून बघा, त्याची दोन पाती एकमेकांच्या उलट फिरतात. एक लक्ष्मी आणतं आणि दुसरं लगेच घालवतं असं म्हणायचं का?

सात, एकवीस, एकशे आठ हे जपमाळेचे आकडे आहेत, त्यांनी माळ ओढा, मी पण ओढते. नैवेद्याच्या ताटावर तुळशीचं पान मीही ठेवते, त्याबद्दल कुणाला काही म्हणायचं नाही. पण किचनमध्ये चमचा आणि वजनकाटा चालतो, आणि ‘जितकं जास्त तितकं फळ’ हे वाक्य एकाही मसाल्याला लागू होत नाही, मिठाला सुद्धा नाही. या अख्ख्या फॉरवर्डमधली सगळ्यात खोटी ओळ तीच आहे.

‘पण अनुभव आलाय लोकांना’ म्हणतात. केक केला आणि मुलाला नोकरी लागली हे लिहायला सगळे येतात, केक केला आणि काहीच झालं नाही हे लिहायला कोण येतं?

आता ते ११०० रुपयांचं पाकीट. घरगुती का असेना, खायची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची) नोंदणी लागते आणि १४ आकडी नंबर पाकिटावर छापावा लागतो, माझ्याही डब्यावर आहे. या पाकिटाच्या फोटोत तो नाही, काय-काय घातलंय ते नाही, तारीख नाही. वर ‘शुगर कायमची जाते’ असं लिहिलंय. जादूच्या उपायानं मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ पासून कायद्यानं बंदी आहे. आणि चमत्काराचा दावा करून पैसे काढण्यावर आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, ज्यासाठी शेजारच्या साताऱ्याचे दाभोलकर डॉक्टर वर्षानुवर्षं झगडले आणि जो त्यांचा खून झाल्यावर आला. पैसे गेले असतील तर लाजू नका, स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि पोलीस स्टेशनला जा.

ज्यांना या मसाल्यांची चव खरंच आवडते त्यांच्यासाठी, अर्ध्या किलोच्या केकाला माझं माप असं: दालचिनी पूड अर्धा चमचा, जायफळ किसणीवर चार-पाच वेळा फिरवून येईल तेवढं, लवंग पूड अगदी चिमूट, वेलची आवडीनं, सोबत सांगलीचा बेदाणा मूठभर, गरम पाण्यात भिजवून घेतलेला. रंगाला हळद हवी तर चिमूटभर, आणि सोड्याच्या जागी बेकिंग पावडर वापरा म्हणजे पिवळी राहील. माझ्याकडून हवा असेल तर शुक्रवारची ऑर्डर बुधवारपर्यंत सांगा, या फॉरवर्डमुळं शुक्रवारी ओव्हन रिकामा मिळेना झालाय.