महाराज, या वेळी उभे राहाच!

राम कृष्ण हरी माऊली. नगरसेवक व्हायचं तुमच्या मनात आहे हे तुम्ही अजून कोणाजवळ बोलला नाहीत, तरी अख्ख्या प्रभागाला माहितीये, कारण हल्ली तुमच्या निरूपणात परमार्थ कमी आणि ड्रेनेज लाइन जास्त यायला लागलीये, आणि परवाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ह.भ.प. च्या शेजारी कोणीतरी बारीक अक्षरात "भावी" असं छापून टाकलंय. काय भावी ते लिहिलेलं नाही. सुज्ञास सांगणे न लगे. तर आता लाजू नका, काही गोष्टी नीट समजून घ्या म्हणजे सोपं जाईल.

सगळ्यात आधी, मी उभा राहतोय असं स्वतःच्या तोंडाने कधीच म्हणायचं नाही. तुम्ही विरक्त माणूस, तुम्हाला कशाला हवी खुर्ची. त्यामुळे सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली, लोकांच्या हातावर लाह्या पडल्या की तेवढ्यात एका सेवेकऱ्याने उठून माईक हिसकावून घ्यायचा आणि "महाराजांनी आता समाजासाठी उभं राहावं" म्हणत रडायला लागायचं. तुम्ही उपरण्याने तोंड झाकायचं, मान नकारार्थी हलवायची, पण माईक बंद करायला सांगायचं नाही. रडणारा माणूस आदल्या दिवशीच ठरवा, ऐनवेळी भलताच रडला तर उद्या तोच तिकीट मागतो. मग दोन मिनिटं डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "पांडुरंगाची इच्छा." झालं! आता तुमच्या विरोधात अर्ज भरणारा माणूस थेट पांडुरंगाच्या विरोधात उभा आहे.

अर्थात पांडुरंगाच्या इच्छेलाही आरक्षण सोडत लागू आहे. राज्यात पालिकेच्या निम्म्या जागा बायकांना राखीव असतात आणि चिठ्ठी शाळेतलं पोर काढतं, त्याला तुमचा अधिकार माहीत नसतो. महिला निघाली तर रडारड करू नका. वहिनी आजपासून गुरुमाऊली. फ्लेक्सवर तुमचा फोटो दहा फुटी, आशीर्वादाचा हात वर, आणि खाली डाव्या कोपऱ्यात उमेदवाराचा फोटो, डोक्यावरून पदर, साधारण आधार कार्डावर असतो तेवढा. नाव तिचं, सही तिची, मीटिंगला तुम्ही.

अनामत रक्कम महापालिकेला 5000 रुपये, राखीव जागेला निम्मी. एका कीर्तनाच्या पाकिटात असे किती अर्ज बसतात ते तुम्ही जाणता, आपण काय बोलणार. कीर्तन करावं तिथं जेवूसुद्धा नये असं तुकोबा सांगून गेले, पण त्यांना कुठं निवडणूक लढवायची होती.

आता एक नाजूक विषय. पोरं किती? नाही म्हणजे गेली चार-पाच वर्षं तुम्ही व्यासपीठावरून सांगताय की प्रत्येक घरात चार लेकरं पाहिजेत, नाहीतर आपण संपलो. टाळ्या पण मिळतात. पण महाराष्ट्रात 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या पोरामुळे दोनाची तीन झाली की माणूस पालिकेला उभा राहायला अपात्र ठरतो. म्हणजे ज्यांनी तुमचं मनापासून ऐकलं ते सगळे भक्त कायमचे बाद झाले आणि ज्यांनी ऐकलं नाही ते आता तुमच्या विरोधात अर्ज भरतायत! तुमचे स्वतःचे दोनच असतील तर प्रश्न मिटला, कोणी विचारलंच तर सांगा की उपदेश हा लोकांना करायचा असतो.

खरी परीक्षा शपथपत्रात आहे. तिथे स्वतःची, बायकोची आणि अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता लिहायची असते, कर्ज, दाखल गुन्हे, सगळं. "संसार मिथ्या आहे" असं लिहून चालत नाही, अधिकारी म्हणतो रकाना भरा. मग काय करायचं, तर शांतपणे एकेक वस्तू योग्य जागी ठेवायची. फॉर्च्युनर ही सेवेकऱ्याची, तुम्ही फक्त तिच्यात बसता. गावाकडची बारा एकर मेव्हण्याची. गळ्यातली सोन्याची तुळशीमाळ ही भक्ताची भावना, भावनेचं व्हॅल्युएशन होत नाही. मठ ट्रस्टचा. मठाखालचे गाळे पण ट्रस्टचे, मात्र तिथे जरा जपून, कारण देवळाला मालमत्ता कर माफ असला तरी देवळाखाली भाड्याने दिलेल्या मोबाइलच्या दुकानाला तो माफ नसतो, आणि थकबाकीवाल्याचा अर्ज छाननीत उडू शकतो. बागेच्या आरक्षणावर उभारलेल्या सभामंडपाचं काय ते वकिलाला विचारा, अनधिकृत बांधकामावरून निवडून आलेल्या नगरसेवकाचं पद जातं, पण मंडप तुम्ही कुठं बांधलाय, तो तर देवाने बांधून घेतलाय आणि देवाला नोटीस कुठल्या पत्त्यावर बजावणार? शेवटी तुमच्या नावावर एक वीणा, दोन धोतरजोड्या आणि बँकेत अठरा हजार राहिले म्हणजे शपथपत्र जमलं समजा. हा कागद जाहीर होतो, त्याचा फोटो काढून ग्रुपवर तुम्हीच टाका, खाली कोणीतरी "असा साधा माणूस पाहिजे" लिहिणारच.

प्रचारात धर्माचं नाव घ्यायचं नाही, हे पाठच करा. 1988 च्या कायद्याप्रमाणे देवस्थानाची जागा राजकीय कामाला वापरणं हा गुन्हा आहे. आणि धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून 1987 च्या पार्ल्याच्या पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या रमेश प्रभूंची आमदारकी कोर्टाने घालवली, आणि त्यांचा प्रचार करणाऱ्या बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला. तिथे तुम्ही आम्ही कोण? त्यामुळे 'मत' हा शब्दच काढून टाका, 'आशीर्वाद' म्हणा. पॅम्प्लेट वाटायचं नाही, प्रसाद वाटायचा, पुडी कशाच्या कागदात बांधलीये ते प्रसाद खाल्ल्यावर कळतंच. मतदान केंद्रावर मात्र भक्तीला आवर घाला, 2024 ला नाशिकमध्ये शांतिगिरी महाराज अपक्ष उभे होते, त्यांच्यावर मतदान यंत्राला हार घातल्यावरून गुन्हा दाखल झाला आणि निकालात ते पडले. उलट 2019 ला सोलापुरात जयसिद्धेश्वर स्वामी पहिल्याच फटक्यात सुशीलकुमार शिंदे आणि प्रकाश आंबेडकर अशा दोघांना हरवून खासदार झाले, मग त्यांच्या जातीच्या दाखल्याचं प्रकरण पडताळणी समितीत आणि कोर्टात गेलं. यातून बोध एवढाच की हार घरी ठेवा आणि दाखला सोबत.

(मौलाना, फादर, भंतेजी, आपणही वाचत असाल तर वेष आणि पुडीतला पदार्थ तेवढा बदलून घ्या, बाकी सगळं सेम.)

पॅनल कुठलं घ्यायचं? मुंबई सोडली तर महापालिकेत बहुतेक चार नगरसेवकांचा एक प्रभाग असतो. तुमच्या पॅनलमध्ये एक बिल्डर, एक टँकरवाला, एक माजी नगरसेवकाची सून आणि चौथे तुम्ही. बाकी तिघांना तुम्ही का हवेत हे उघड आहे, त्यांच्याकडे पैसा आहे, पोरं आहेत, गाड्या आहेत, फक्त नाव जरा डागाळलंय, तुम्ही म्हणजे त्या पॅनलचा देव्हारा. त्यांना तसं वाटू द्या. खर्च तिघं करतील, तुम्ही फक्त मतदारांना फुकट देवदर्शनाला नेणाऱ्या उज्जैन-ओंकारेश्वरच्या बसला सकाळी नारळ फोडायला जायचं. आणि निवडून आल्यावर चौघांचा मोठा फायदा असतो, गटार तुंबलं की 'अ' वाला 'ब' कडे पाठवतो, 'ब' वाला 'क' कडे, आणि 'ड' वाले महाराज अनुष्ठानाला बसलेले असतात.

आता मुद्द्याचं बोलतो. नगरसेवकाचं काम तसं फार रुक्ष आहे हो. पाण्याचा व्हॉल्व्ह कोण फिरवतो, घंटागाडी तीन दिवस का आली नाही, एकाच रस्त्याचं काँक्रीट दोनदा कसं झालं, स्थायी समितीत वाढीव टेंडर कोणी मंजूर केलं. आणि लोक येऊन हे सगळं विचारतात, तोंडावर विचारतात, सकाळी दात घासताना फोन करून विचारतात. तुम्हाला याची सवय नाही. तुमची आयुष्यभराची प्रॅक्टिस वेगळी, दोन तास तुम्ही बोलता, पाचशे माणूस ऐकतो, कीर्तनात हात वर करून "महाराज, हा दृष्टांत पटला नाही" असं कोणी म्हणत नाही, उलट उठताना पाया पडतो. हीच तर तुमची खरी पुंजी आहे. बाकीच्या उमेदवारांना निवडून आल्यावर प्रश्न टाळायला शिकावं लागतं, तुम्हाला कोणी प्रश्न विचारलेलाच नाही. शिवाय 2022 नंतर कितीतरी पालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक बसला होता, लोकांना विचारायची सवय तशीही मोडलीये. ती परत लागणार नाही एवढं बघायचं काम तुमच्याकडे.

गाडगेबाबांचं उदाहरण कोणी देईल, की ते आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन, आणि कीर्तनात लोकांनाच उलटे प्रश्न विचारायचे. त्याला नम्रपणे सांगा की बाबा कधी नगरपालिकेला उभे राहिले नाहीत. खराट्यासोबत फोटो मात्र काढून ठेवा, 20 डिसेंबरला, त्यांच्या पुण्यतिथीला, टाकायला होतो.

तरी एखादी म्हातारी असतेच. तुम्ही निवडून आलात, सत्काराचं कीर्तन चालू आहे, अभंगाचं दुसरं चरण घेतलंय आणि ती मधेच उठून म्हणते, "अरे बाबा, आमच्या गल्लीत पाणी रात्री दोनला का येतं?" घाबरायचं नाही. तिच्याकडे बघायचं नाही. मृदंगवाल्याला नुसतं डोळ्याने खुणवा, टाळकरी ताबडतोब उभे राहिले पाहिजेत, "ज्ञानोबा माऊली तुकाराम" चढत्या लयीत, पावली सुरू, लोक नाचायला लागले की तिचा आवाज कोणाला जातोय. दहा मिनिटांत ती पण टाळ्या वाजवायला लागते. हीच युक्ती महापालिकेच्या सर्वसाधारण सभेतही चालेल असं वाटतं, फक्त सभागृहात टाळ-मृदंग न्यायला परवानगी लागते का, तेवढं नगरसचिवांना आधी विचारून ठेवा.