बाळ्यात राहतो, सोलापूरला जातो

परवा कुपवाडहून आत्याचा मुलगा आला. बाळ्याच्या स्टॉपवर उतरून फोन केला, "दादा, सोलापूर अजून किती लांब?" म्हटलं, "सोलापुरातच उभा आहेस बाबा." घरी येऊन बूट काढतोय तोवर आई मला म्हणाली, "सोलापूरला जाऊन जरा भाजी आण." तो हसतच सुटला.

1992 ला हद्दवाढ झाली. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी ही गावं महापालिकेत आली. सुमारे 33 चौरस किलोमीटरचं शहर 178 च्या वर गेलं. तेव्हा जन्मलेली पोरं आता बापं झाली, तरी आमचं नाव अजून 'हद्दवाढ भाग'. पेपरात तेच, निवडणुकीच्या भाषणात तेच. तीस वर्षं नांदलेल्या बाईला 'नवी सून' म्हणावं, तशातली गत.

कुपवाडचं वेगळं. 1998 ला सांगली, मिरज, कुपवाडची मिळून एक महापालिका झाली. तिघांत कुपवाड धाकटं, पण पाटीवर नाव तिघांचं. भाऊ म्हणतो, "नावानं काय होतंय दादा? आमच्याकडं पण सगळं सांगलीलाच, हीच बोंब." असेल. पण त्यांना भांडायला स्वतःचं नाव तरी आहे.

ग्रामपंचायत फार गुणाची होती असं मी म्हणणार नाही. निम्मा वेळ भावकीत जायचा. पण ग्रामसेवक रस्त्यात गाठता यायचा, घरपट्टीची पावती चालत जाऊन मिळायची. आता चार नगरसेवकांचा प्रभाग, चौघांत एक काम आणि ते चौथ्याचं! 2022 नंतर तर काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता.

खरं दुखणं जमिनीचं आहे. शेतं होती तिथं दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पडले, आधी घरं झाली, मग रस्ता आणि सगळ्यात शेवटी ड्रेनेज. 2001 चा गुंठेवारी कायदा आला, पण कागद नियमित झाल्यानं गल्ली रुंद होत नाही. शिवाय हद्द पाचपट झाली म्हणून पट्टी भरणारे पाचपट झाले नाहीत, हेही खरं.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2017 ला पुणे महापालिकेत गेली आणि 2024 ला बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. आमच्या कट्ट्यावरही कुणीतरी हे काढतंच. मला पटत नाही. उजनीहून शंभरेक किलोमीटर पाणी ओढत आणणं एकट्या बाळ्याच्या ऐपतीतलं आहे का? सोलापुरातच राहू. फक्त आम्हाला आमच्या नावानं हाक मारा.

चंपाषष्ठीला आमच्या खंडोबाला निम्मं सोलापूर लोटतं. तेव्हा 'हद्दवाढ भागातला खंडोबा' असं कुणी म्हणत नाही, सरळ 'बाळ्याचा खंडोबा' म्हणतात.

शेळगी, देगाव, कुमठ्याच्या मंडळींनो, तुमच्या घरातही अजून 'सोलापूरला जाऊन येतो' असंच म्हणतात का? खाली सांगा.