खस, खसखस आणि साडेपाचशे रुपयांचं जंगल

माझ्या खेळण्यातल्या रेल्वेसाठी साडेतीनशे रुपयांत पन्नास झाडं आणि दोनशेत वीस दिवे. एवढ्या पैशात नागपुरात बर्डीच्या बाजारात धड सँडल येत नाही, तर आपल्याला अख्खं जंगल लाइटिंगसकट मिळून राहिलं, या आनंदात मी ऑर्डर टाकली. पार्सल उघडलं तर आत पन्नास बाटल्या धुवायचे ब्रश. हिरवे. हिरवे म्हणजे कसे, तर पोपटालाही लाज वाटेल असे, आणि खालचं खोड चकचकीत प्लास्टिकचं, तेही हिरवंच.

माझी रेल्वे तशी साधी आहे. सहा बाय तीनचा प्लायवूड, त्यावर एचओ स्केलचा एक गोल रूळ, एक इंजिन, चार डबे आणि आइस्क्रीमच्या काड्यांचं स्टेशन, ज्यावर मुलानं ‘इतवारी’ लिहिलंय. एचओ म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्याऐंशीव्या भागाएवढं. खऱ्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांत अंतर १६७६ मिलिमीटर, ते सत्याऐंशीनं भागलं तर १९ च्या वर येतं आणि माझा रूळ साडेसोळाचा, पण हे कोणाला सांगायचं नाही. हा किडा लागला तो मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये. मुलाला दाखवायला नेलं होतं, मुलगा घसरगुंडीवर गेला आणि मीच इंजिनापाशी तासभर उभा राहिलो.

तर झाडं. ठरवलं की फेकायची नाहीत, सुधारायची. आधी साबणाच्या पाण्यात धुतली, कारण साच्यातून काढलेल्या प्लास्टिकवर तेलकट थर असतो आणि रंग धरत नाही (हे पहिल्या दहा झाडांचा रंग सालीसारखा निघून आल्यावर कळलं). मग खोडं चॉकलेटी रंगवली आणि गॅलरीतून समोरच्या कडुनिंबाकडे पाहिलं तर त्याचं खोड चॉकलेटी नाहीच! राखाडी, जरासं मातकट. शाळेपासून चाळीस वर्षं मी झाडाचं खोड चॉकलेटी काढत आलो आणि एकाही मास्तरनं टोकलं नाही. पुन्हा सगळी रंगवली. फांद्या पक्कडनं वेड्यावाकड्या केल्या, काही कापल्या, कारण खऱ्या झाडाला सिमेट्री नसते, त्याला वायरमन छाटतो.

मग पाला. अर्धं फेविकॉल, अर्धं पाणी, वरून भांड्याच्या साबणाचा एक थेंब म्हणजे ते फवाऱ्यातून नीट पसरतं, त्यावर रंगवलेला लाकडाचा भुसा भुरभुरायचा. एवढं सोपं. फक्त भुसा उडू नये म्हणून पंखा बंद. आणि कूलर बंद. मे महिना. नागपूर. दार लावलेलं. मी बनियनवर बसून झाडाला पानं लावून राहिलो आणि माझ्या नाकाचा घाम टपकन त्या झाडावर पडून राहिला, भुसा तिथंच गोळा होऊन राहिला. माझ्या जंगलातल्या काही झाडांना जे गाठीसारखं दिसतं ना, तो मी आहे.

झुडपांसाठी काहीतरी बारीक, गुंतलेलं पाहिजे होतं. बाजारात मिळतं, पण महाग. आणि समोर कूलर. कूलरच्या ताटीत यंदा खास खस भरून घेतली होती, काय सुंदर मुळं असतात तिची, अगदी वाळक्या झुडपासारखी. मागच्या ताटीच्या कोपऱ्यातून एक मूठ काढली, कोणाला कळणार? दुपारी चारला आतून आवाज आला, “अहो, या कूलरमधून एका बाजूनं झळ काऊन येऊन राहिली?” मी म्हटलं, पाणी संपलं असेल. पाणी भरलं. झळ तशीच. तिनं ताटी उघडून पाहिली, मग माझ्या प्लायवूडवर वाकून वास घेतला. संपूर्ण इतवारी स्टेशनला खसचा थंडगार वास येत होता. पुढे ती काय बोलली ते सोडून देतो.

दिव्यांचं दुखणं निराळं. वीसच्या वीस दिवे पांढरेफटक, निळसर, लावले की स्टेशनवर जामठ्याच्या स्टेडियमातली डे-नाइट मॅच. वर टोपीच्या प्लास्टिकमधूनही उजेड गळायचा. टोप्या काळ्या रंगवल्या, एलईडीवर नारिंगी ग्लास कलरचा एक हात मारला आणि पाकिटातल्या, करंट अडवणाऱ्या रेझिस्टरच्या जागी बर्डीवरून आणलेला दहा हजार ओहमचा लावला तेव्हा कुठं जुन्या सोडियमच्या दिव्यासारखा पिवळा, थकलेला उजेड पडला. वायर केसाएवढी, तिच्यावर लॅकर, ते ब्लेडनं खरवडल्याशिवाय कथील धरत नाही, आणि खरवडलं की वायरच तुटते. सात दिवे त्यात शहीद.

उरलेले तेरा मी हुशारी करून गाडीच्याच कंट्रोलरला जोडले. गाडी हळू तर दिवे मंद, गाडी जोरात तर दिवे झगझगीत. आणि मुलानं गाडी रिव्हर्स घेतली की सगळा अंधार, कारण एलईडीतून करंट एकाच दिशेनं जातो. म्हणजे गाडी छिंदवाड्याकडे निघाली की गावात वीज, परत आली की लोडशेडिंग. मला ते खरं तर आवडलं होतं, पण उलट्या करंटनं दोन दिवे कायमचे गेले, तेव्हा जुन्या वायफायचा बारा व्होल्टचा अडॅप्टर काढून वेगळं कनेक्शन दिलं.

रविवारी काटोलहून सासरे आले. चष्मा कपाळावर चढवून जंगल पाहिलं.

“जावईबापू, हे काय लावलं?”

“कडुनिंब, मामाजी.”

त्यांनी एक झाड बोटांनी मोजलं. सहा सेंटिमीटर. गुणिले सत्याऐंशी, सव्वापाच मीटर. “सतरा फुटाचा लिंब? हा तर संत्रा आहे.”

मी पंधरा दिवस ज्याला लिंब करायला झटत होतो, ते झाड जन्मानंच संत्र्याचं होतं. लगेच सगळी उपटली. मामाजींनी पट्टी घेतली, अंतर अठरा-वीस फूट पाहिजे म्हणाले, म्हणजे सात सेंटिमीटर, आणि ओळी मारून दिल्या. पाच बाय सहा, तीस झाडांचा बगीचा. आता फळं. सत्तर मिलिमीटरचं संत्रं सत्याऐंशीनं भागलं की एक मिलिमीटरही होत नाही. मोहरी लावून पाहिली, तर झाडाला टरबुजं लागल्यासारखी दिसली. बरोबर मापाची वस्तू घरात एकच, खसखस. रविवारच्या सावजी रश्श्यासाठी काढून ठेवलेली. खसचं प्रकरण ताजं असताना खसखशीला हात घालणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेल, पण मामाजी सोबत होते, मुलीच्या स्वयंपाकघरातून वाटी त्यांनीच पळवली. दाणे नारिंगी रंगात घोळले, वाळवले, एकेक दाणा टाचणीनं उचलून चिकटवला. साधारण आठशे.

“फक्त मे महिन्यात संत्री नसते बरं,” सगळं झाल्यावर मामाजी म्हणाले. “मृग बहार, म्हणजे पावसाळी फुलांचं पीक, मार्च-एप्रिलमध्येच तुटतो.”

रात्री जेवण झाल्यावर (रस्सा पातळ होता, कोणी काही बोललं नाही) घरातले लाइट बंद करून सगळ्यांना बोलावलं आणि अडॅप्टरचं बटण दाबलं. अकरा पिवळे दिवे लागले. खसचा वास. इतवारी स्टेशन. आणि बगीच्यातून निघून, रुळाच्या कडेकडेनं, प्लॅटफॉर्म एकवरून सरळ प्लायवूडच्या काठाकडे चाललेली मुंग्यांची रांग, प्रत्येकीच्या तोंडात एक संत्रं. स्केलनं प्रत्येक मुंगी वीतभर.

मामाजी वाकून बराच वेळ पाहत राहिले.

“जावईबापू, बगीचा तर विकल्या गेला तुमचा. भाव काय भेटला?”