खुलासा : गुडघे सुजले म्हणून मीठ तोडू नका

जुळे सोलापुरातल्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांचे सांधे मिठाने सुजतात, मीठ बंद करा.’ साफ चूक, आणि आपल्या चाळिशीपार उन्हात धोक्याचंही. या जन्मजात, आनुवंशिक आजारात फुप्फुसात घट्ट, चिकट कफ साठून वारंवार संसर्ग होतो आणि घामातून मीठ भसाभस जातं; वाळलेल्या बनियनवर पांढरे डाग उमटतात. या पोरांना मीठ जास्तच लागतं. शेंगाचटणी राहू द्या ताटात.

सांधेदुखी मात्र खरी. गुडघा, घोटा किंवा मनगट अचानक सुजतं, बहुतेकदा काही दिवसांत ओसरतं. फुप्फुसातल्या जुनाट संसर्गाने चेतलेली प्रतिकारशक्ती हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या अँटिबायोटिकनेही सांधे दुखू शकतात. तसं झालं तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना फोन करा.