कंबर का दुखते ते फोटोत दिसत नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय. वहिनीच्या कंबरेचा एमआरआय गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, नंबर लावून करायचा, की म्हापशाला खासगीत पैसे मोजून उद्याच उरकायचा? धाकटे काका म्हणतात, "थांबायचं कशाला? तिकडे इंग्लंडात लोक महिनोन् महिने ताटकळतात, आपल्याकडे संध्याकाळी रिपोर्ट हातात." आत्या म्हणते, बांबोळीचे डॉक्टर सांगतील तेव्हाच. मला मत विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

काका म्हणतात ते खोटं नाही. इथे इंग्लंडात, स्विंडनला आमच्याकडे डॉक्टरची वेळ मिळवायला सकाळी आठला फोन घेऊन बसावं लागतं, आणि फिजिओथेरपीचा नंबर यायला आठवडे जातात. ज्याला खरंच गंभीर काही आहे, त्याच्यासाठी हे थांबणं क्रूर आहे. पण साध्या कंबरदुखीला इथे एमआरआय लिहून देत नाहीत, त्यामागे नुसती काटकसर नाही. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या 2016च्या मार्गदर्शक सूचनाच तशा आहेत. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा माणसांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा 2015 साली आला होता. त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांच्या मणक्यांत 'डिस्क बल्ज', म्हणजे दोन मणक्यांमधली चकती बाहेर फुगलेली, दिसला. म्हणजे वहिनीच्या रिपोर्टात तो शब्द आला, तरी दुखणं त्यानेच आहे असं ठरत नाही. पण एकदा तो शब्द कागदावर आला की बाई वाकायची थांबते, पट्टा बांधते, आडवी होते. 'नाइस'च्या त्याच सूचनांत पट्टा देऊ नका असं लिहिलंय, आणि हिंडतं-फिरतं राहणं हाच मुख्य उपाय सांगितलाय.

मात्र पायातलं बळ गेलं, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप आला किंवा पडल्यानंतर दुखू लागलं, तर वाद घालू नका. त्याच दिवशी बांबोळी गाठा.

आता जे ग्रुपवर कुणी बोलत नाही ते बोलते. आई अंथरुणाला खिळल्यापासून तिला उठवणं, कुशीवर वळवणं, खुर्चीत बसवणं वहिनी एकटीच करते. मी इथे वृद्धांच्या केअर होममध्ये हेच काम पगारावर करते, पण मला कुणालाही एकटीने उचलायची परवानगी नाही. आधी पलंग कळ दाबून आमच्या कंबरेएवढा वर घ्यायचा. आजींना कुशीवर वळवून पाठीखाली निसरडी चादर सरकवायची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून ती पूर्ण पसरायची. दोघी दोन बाजूंना उभ्या राहून, गुडघे किंचित वाकवून, एकदम ओढायचं. खुर्चीत बसवायला झोळीची यारी, म्हणजे माणसाला झोळीत घालून उचलणारं यंत्र, असते. ही कुणाची मेहेरबानी नाही. 1992चा इथे नियम आहे की जड उचलण्याचा धोका मालकाने आधी टाळायचा, टाळता येत नसेल तर तपासून कमी करायचा. माझ्या कंबरेची काळजी कायदा घेतो, आणि त्याच कामासाठी माझ्या माहेरी वहिनीला गुडघ्याएवढ्या खाटेवर वाकावं लागतं. हे मला सहन होत नाही.

तिचं डोकं दुखणंही यातलंच. रात्रीत दोनतीनदा उठायचं, मान आवळलेली, जेवण दुपारी तीनला. असं डोकं पट्टा आवळल्यासारखं दोन्ही बाजूंनी दुखतं. सुंठेचा लेप लावून दहा मिनिटं डोळे मिटायला मिळाले तर जरूर लावावा. गोळीची मात्र मोजदाद हवी. साधी वेदनाशामकं महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त घेतली, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागू शकतं. इथे सुपरमार्केटात पॅरासिटामॉलचं 16 गोळ्यांहून मोठं पाकीट मिळत नाही. आपल्याकडे फार्मसीवाला मागाल तेवढ्या पट्ट्या काढून देतो. अचानक वीज पडावी तसं डोकं दुखलं, किंवा तापाबरोबर मान ताठली, तर मात्र गोळी घेऊन वाट पाहू नये.

डावा डोळा लवतो म्हणून आत्या खूश आहे, बाईला तो शुभ म्हणून. शुभ होवोच. पण पापणी अशी फडफडते ती बहुधा अपुऱ्या झोपेने, चहा-कॉफीने, ताणाने, आणि आपली आपण थांबते. दोन आठवड्यांवर गेली, पापणी खाली उतरली किंवा गालही ओढू लागला, तर डॉक्टरांना दाखवावं.

2011च्या जनगणनेतच गोव्यात साठी ओलांडलेले 11 टक्क्यांच्या आसपास होते, केरळच्या खालोखाल. त्यात पोर्तुगीज पासपोर्टवर आम्ही इतके जण बाहेर पडलो. मये असो की वाळपई, घरोघरी एकेक वहिनी आहे. गावातल्या आरोग्य केंद्राच्या नर्सने घरी येऊन माणूस कसा वळवावा हे तासभर दाखवलं, तर कितीतरी कंबरा वाचतील. निवडणुकीत नव्या मशीनचं आश्वासन मिळतं, हे कुणी मागतही नाही.

म्हणून माझं मत असं: वहिनीला डॉक्टरांनी हात लावून नीट तपासावं, आणि त्यांनी सांगितलं तरच एमआरआय. खासगी तपासणीला जे काही हजार काढणार होतात, त्यात सकाळ-संध्याकाळ मदतीला बाई ठेवा. पुढचे महिने मी पाठवते. दादा, खाटेचे पाय उंच करायला सुताराला खाच असलेले ठोकळे सांग, नुसत्या विटांवर खाट ठेवू नका. आणि कुंडईतली कामाची पाळी संपवून तू घरी आलास की आईचं रात्रीचं वळवणं दोघांनी मिळून करा.