दादाला झोपू द्या

आज दादा नाईट करून घरी आला तेव्हा साडेदहा वाजले होते. एरवी आठला येतो. विचारलं तर म्हणाला, "१० ऑक्टोबर ना, मानसिक आरोग्य दिन. व्याख्यानाला थांबवलं." रात्रभर उभ्याने काम केलेल्या माणसांना आणखी दोन तास बसवून ठेवलं! तेव्हापासून माझं डोकं ठणकतंय.

दादा गोव्यात वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात आहे, आम्ही साखळी गावचे. दर आठवड्याला शिफ्ट फिरते. अंगाला एक वेळ सवयीची होते न होते तोच दुसरी लागते. चवथीला आरतीच्या वेळी धाकट्याच्या हातून ताट पडलं, तर दादा असा ओरडला की घुमट वाजवणारे हात थांबले. मग मागीलदारी जाऊन रडला. चाळिशीचा माणूस, विहिरीपाशी तोंडावर पंचा धरून.

मान्य, याच पगारावर घर चालतं. २०१२ ला खाणी बंद पडल्या, त्याचा ट्रक दारात गंजत उभा राहिला, तेव्हा वेर्ण्यानेच हात दिला. औषधांचं काम रात्री थांबवता येत नसेल, तेही कबूल. पण नाईट संपली की पुढच्या फर्स्टच्या, म्हणजे सकाळच्या शिफ्टच्या आधी एक पूर्ण दिवस द्यायला काय जातं?

५०० कामगार असले की कल्याण अधिकारी नेमावा, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं. दादाकडेही असा अधिकारी आहे. हेल्मेट, बूट, सगळं तपासतो. झोप लागते का, हे पाच वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. कुणालाच!

ताट पडलं त्या रात्री मी म्हटलं, बांबोळीला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवूया. तो घाबरला. "सुपरवायझरला कळलं तर कंत्राट पुढे करणार नाहीत गो." मधुमेहाच्या गोळ्या तो सगळ्यांसमोर घेतो, आणि हे मात्र लपवायचं. ही भीती त्याच्या मनात कुणी घातली? आपणही घातली. बांबोळीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढून एकमेकांना चिडवत आपण मोठे झालो.

शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावून दिला. मी पाण्याच्या निमित्ताने बाहेर गेले. पंधरा-वीस मिनिटं बोलला. त्यानंतर दोन दिवस मुलांशी नीट बोलत होता, धाकट्याला जवळ घेऊन बसला.

आता झोपलाय. वहिनीने खिडकीला चादर लावलीय, मुलं शेजारी पाठवलीत. आठला पुन्हा बस आहे. तोवर मिक्सर लावायचा नाही, असं ठरलंय.