खुलासा: कुंगफू बोधिधर्मानं शिकवलं, हे कशावरून?

'दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्मानं शाओलिनच्या भिक्षूंना कलरीपयट्टू शिकवलं, त्यातून कुंगफू जन्मला' हा मजकूर पुन्हा फिरतोय. (बोधिधर्म म्हणजे पाचव्या-सहाव्या शतकातला बौद्ध भिक्षू, शाओलिन म्हणजे चीनमधला बौद्ध मठ आणि कलरीपयट्टू ही केरळची युद्धकला.) ऐकायला छान वाटतं, पण पुराव्याला टिकत नाही.

या कथेचं मूळ म्हणजे 'यीजिन जिंग' हा व्यायामावरचा चिनी ग्रंथ. तो बोधिधर्माच्या नावावर खपवला जातो, पण रचला गेला 1624 च्या सुमारास, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी. त्याच्या प्रस्तावनेवर तांग काळातला (सातवं ते दहावं शतक) सेनापती ली जिंग याची सही आहे. हे महाशय म्हणतात, ग्रंथ मला 'दाट दाढीवाल्या वीरा'कडून मिळाला. हा वीर तर गोष्टीतलं पात्र! लबाडी इथंच उघडी पडते. 1930 च्या दशकात तांग हाओ या चिनी संशोधकानं या दंतकथेची चांगलीच चिरफाड केली.

बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख 547 च्या सुमाराचा. त्यात तो पर्शियाचा म्हटलाय आणि युद्धकलेबद्दल अवाक्षर नाही. गंमत म्हणजे मिंग काळात (चौदावं ते सतरावं शतक) खुद्द शाओलिनचे भिक्षू आपल्या काठीविद्येचं श्रेय बोधिधर्माला नव्हे, 'जिन्नालुओ'ला द्यायचे. जिन्नालुओ म्हणजे आपल्या पुराणकथांतला किन्नर.

भारताचा खरा धागा वेगळाच आहे. 495 च्या सुमारास शाओलिन मठ उभा राहिला तो बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी, असं चिनी नोंदी सांगतात. त्याचा फॉरवर्ड मात्र अजून कुणी पाठवलेला नाही.